पांझरेच्या पाटावर

धुळ्याच्या जुन्या गावातून देवपुराकडे जाताना पांझरा ओलांडावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत पुलावरून खाली डोकावणाऱ्या परगावच्या माणसाला ही नदी आहे यावर विश्वास ठेवणे जड जाते. वाळू, खडक आणि मधूनच एखादे हिरवट डबके. पिंपळनेरकडच्या डोंगरांत उगम पावून साक्री आणि धुळे मागे टाकीत मुडावदजवळ तापीला मिळणारी ही नदी मुळात गरीबच. पण या गरीब नदीने खानदेशातल्या कित्येक पिढ्यांचे संसार चालवले, ते आपल्या पाटांच्या जोरावर. याच पाटांवर एका परप्रांतीय तरुणाने आपल्या नोकरीचे पहिले धडे गिरवले. पुढे साऱ्या देशाने त्याचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे त्याचे नाव.

विश्वेश्वरय्या म्हटले की आपल्याला म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर आठवते, वृंदावन बाग आठवते, डोक्यावरची जरीची म्हैसुरी पगडी आठवते. शाळेच्या पुस्तकात त्यांचे चित्र असे. सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची मेणबत्ती लावणारे, अशी एक गोष्टही त्यांच्या नावावर सांगितली जाते. तशा गोष्टी मोठ्या माणसांना चिकटतातच. पण ज्या वयात त्यांना कोणी ओळखत नव्हते आणि वरिष्ठाच्या एका शेऱ्याने साऱ्या आयुष्याची दिशा बदलू शकली असती, त्या वयातले विश्वेश्वरय्या पाहायचे तर बंगलोर-म्हैसूरला जाऊन भागत नाही. त्यासाठी साक्री तालुक्यातल्या दातर्तीच्या शिवारात यावे लागते.

१५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस. गाव मुद्देनहळ्ळी, आजच्या कर्नाटकातले, चिक्कबळ्ळापुराजवळचे. वडील श्रीनिवासशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात विद्या होती, पैसा नव्हता. मुलगा पंधरा वर्षांचा असतानाच वडील वारले. आई वेंकटलक्ष्मम्मा जिद्दीची बाई, मुलाचे शिक्षण तुटू द्यायचे नाही एवढेच तिने मनाशी धरले. मुलाने बंगलोरला राहून, दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून सेंट्रल कॉलेजातून बी. ए. केले. मग म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंग शिकायला आला. १८८३ साली परीक्षेत तो सबंध मुंबई इलाख्यात पहिला आला, बर्कले पारितोषिक मिळाले आणि त्या गुणवत्तेवरच पुढच्या वर्षी, १८८४ साली, मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नेमणूक झाली. पहिली जागा नाशिकला. तेथून लवकरच खानदेशात.

त्या वेळचे खानदेश म्हणजे आजचे धुळे, जळगाव, नंदुरबार मिळून एकच जिल्हा. त्याची फाळणी पूर्व आणि पश्चिम अशी झाली ती १९०६ साली. जिल्ह्याचे ठाणे धुळे. हे शहरही एका साहेबाच्या आखणीतून वर आलेले. १८१८ साली पेशवाई संपल्यावर खानदेश इंग्रजांकडे आले आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी मुंबई-आग्रा रस्त्यावरचे मध्यवर्ती ठिकाण म्हणून धुळे निवडले, नवी पेठ वसवली, बाहेरून कारागीर-व्यापारी आणून त्यांना जागा दिल्या. धुळ्याच्या सरळ रेषेतल्या, नावाऐवजी आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या पाहिल्या की पाहुणे आजही अचंबा करतात.

पण आगगाडी मात्र धुळ्याला टाळून गेली. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा तिचा रस्ता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या दिवसांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि ज्या गावांत स्टेशन होते त्या गावांचे नशीब उघडले. जळगाव बघता बघता पेठ झाले. तेथे कापडाची गिरणी उभी राहिली, सरकी काढणारी जिन आली, गाठी बांधणारे प्रेस आले. धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला तो थेट १९०० साली. म्हणजे आमचा हा तरुण इंजिनिअर आला तेव्हा जळगावकडे कोळशाच्या धुराचे उद्योग सुरू झाले होते आणि धुळ्याकडच्या मुलखाचा खरा कारखाना होता पांझरेचा पाट. त्याचे इंजिन म्हणजे नदीचा उतार, त्याचा माल म्हणजे ऊस, गूळ, गहू, आणि त्याची यंत्रणा म्हणजे फड.

फड म्हणजे काय, हे आता धुळ्यातल्या मुलांनाही समजावून सांगावे लागते, म्हणून थोडे थांबतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून लोकांनी दगडी बंधारे घातले. बुटकेच बंधारे, पण एकाखाली एक असे, मालिकेने. वरच्या बंधाऱ्याने अडवून उरलेले आणि जमिनीतून पाझरून परत आलेले पाणी खालच्या बंधाऱ्याला मिळे. प्रत्येक बंधाऱ्यातून एक पाट निघे आणि पाटाखालच्या जमिनीला थळ म्हणत. सरकारी दप्तरात ही पाटस्थळ जमीन, विहिरीवर भिजते ती मोटस्थळ. त्या थळाचे तीन-चार भाग पाडलेले असत, तेच फड. खुबी ही की एका फडात त्या वर्षी एकच पीक. या फडात ऊस, त्या फडात गहू, तिसऱ्यात भुसार धान्य. पुढच्या वर्षी ऊस दुसऱ्या फडात सरकणार. शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे कोणी कायमचा ऊसवाला होत नसे आणि कोणी कायमचा कोरडवाहू राहत नसे. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार; यांची मजुरी गावकरी मिळून देत. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. आणि ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी भिजणारे क्षेत्रच कमी करायचे आणि ती तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची.

मी साक्रीकडे बँकेच्या एका शाखेत अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. फडातल्या आपल्या तुकड्यात ऊस लावायला कर्ज हवे म्हणून एक तरुण शेतकरी आला होता. त्याचे कागद चोख होते. मी फॉर्म भरायला घेतला, तेवढ्यात त्याच्यामागोमाग एक म्हातारे गृहस्थ आत आले, त्याच्याशी अहिराणीत दोन शब्द बोलले आणि त्याला उठवून घेऊन गेले. औंदा त्या फडात ऊस नव्हता. एकट्याने लावून चालणार नव्हते. माझ्या टेबलावरच्या कुठल्याही नियमापेक्षा तो नियम जुना होता आणि त्याला सही-शिक्का लागत नव्हता.

तर अशा या पाटांच्या मुलखात विश्वेश्वरय्यांकडे पहिले महत्त्वाचे काम आले. पांझरेच्या एका पाटाला वाटेतला प्रवाह ओलांडून पलीकडे न्यायचे होते. वरून पूल बांधून पाट नेण्याऐवजी खालून नळ घालायचा, असे ठरले. याला सायफन म्हणतात. पाटाचे पाणी एका काठावर नळात शिरते, प्रवाहाच्या तळाखालून जाते आणि पलीकडच्या काठावर आपोआप वर येते. पलीकडचे तोंड थोडे खालच्या पातळीवर ठेवले की पाण्याला दुसरे काही लागत नाही. घरात नळीने टाकीतले पाणी बादलीत काढणाऱ्या कोणालाही हे समजेल. कागदावर सोपे, पण करायला अवघड. कारण त्यासाठी प्रवाहाचा तळ खणावा लागतो आणि खणलेला चर कोरडा ठेवावा लागतो.

खणायला सुरुवात झाली आणि पाऊस आला. पुराने वाळू आणली, चर बुजले. उपसले, पुन्हा बुजले. सरकारचा पैसा अक्षरशः वाळूत जात होता. तरुण इंजिनिअरने वरिष्ठांना, म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरना, कळवले की हे काम पावसाळा संपेपर्यंत थांबवावे, नंतर कमी खर्चात होईल. सल्ला बरोबर होता. धुळ्याच्या कुठल्याही गवंड्याने तोच दिला असता. वरिष्ठांना मात्र त्यात कामचुकारपणा दिसला. पोरगा परीक्षेत पहिला आला असेल, पण चिखलात उतरायची तयारी नाही, असा त्यांचा ग्रह झाला आणि त्या अर्थाचे कडक पत्र आले.

नोकरी केलेल्या वाचकांना या पत्राचे वजन सांगायला नको. नोकरीच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत मिळालेला मेमो माणसाच्या फाईलमध्ये बसतो आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहतो. त्यात हा परप्रांतीय, मागे विधवा आई, पाठीशी कोणी नाही, पुढे खात्याची परीक्षा. अशा वेळी बहुतेक माणसे दोहोंपैकी एक करतात. एक तर आपलेच कसे बरोबर होते याचा आठ पानी खुलासा लिहितात, नाही तर मान खाली घालून काम रेटतात आणि बिघडले की हुकमाकडे बोट दाखवतात. दोन्ही जातींचे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत. दुसऱ्या जातीचे जास्त बढत्या मिळवतात.

विश्वेश्वरय्यांनी काम पुन्हा हातात घेतले आणि ते स्वतःचेच असल्यासारखे केले. पुराबरोबर झगडत, वाळू उपसत, खर्चाचा हिशेब ठेवत त्यांनी सुमारे दोन महिन्यांत सायफन पुरा केला. त्याच दिवसांत एकदा कामावरून परतताना नदीला पूर आला, तेव्हा घोडा पलीकडेच सोडून त्यांना पोहून अलीकडे यावे लागले. पांझरा उन्हाळ्यात जितकी गरीब तितकीच पावसाळ्यात अविश्वासू. डोंगरात पाऊस पडतो आणि इथे लख्ख ऊन असताना पाण्याचा लोंढा येतो. सायफन पुरा झाल्यावर ज्या वरिष्ठांनी कानउघाडणी केली होती त्यांनीच चांगला अभिप्राय लिहिला. प्रकरण मिटले.

मिटले खरे, पण माझ्या मते पुसले गेले नाही. हाताखालच्या माणसाचे म्हणणे बरोबर असले तरी ते ऐकले जाईलच असे नाही, हे त्यांना येथे कळले. त्यावर त्यांनी स्वतःपुरता तोडगा काढला. जोवर खुर्चीवर आहोत तोवर काम जीव ओतून करायचे, आणि म्हणणे ऐकलेच जाणार नाही अशी खात्री पटली की भांडत न बसता खुर्ची सोडायची. पुढे त्यांनी असे दोनदा केले. ते येईलच.

खानदेशानंतर पुणे. सिंधमध्ये सक्करला पाणीपुरवठ्याचे अवघड काम, मग सुरत, मग पुन्हा पुणे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे, गोखले यांचा सहवास लाभला. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८९९. त्या वर्षी ते पुण्याच्या पाटबंधाऱ्यांचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर झाले, आणि तेच वर्ष आमच्याकडे छप्पनच्या दुष्काळाचे म्हणून ओळखले जाते.

खडकवासल्याचे धरण तेव्हा वीस वर्षांचे झाले होते. त्यातून निघालेला मुठेचा कालवा पर्वतीच्या पायथ्याने शहरातून पुढे हडपसरकडे जातो. पुण्याचे पिण्याचे पाणी, लष्कराचे पाणी आणि हडपसर-मांजरीकडचा ऊस, सारे या एका कालव्यावर. काठाने गुऱ्हाळे पेटत आणि त्या गुळावर बाजार चाले. कालव्याच्या तोंडाशी असलेले बागायतदार हवे तेवढे पाणी घेत आणि शेवटच्या टोकाचे वाट पाहत. धरणातले पाणी मात्र दर पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जाई.

धरण न वाढवता पाणी वाढवण्याची युक्ती विश्वेश्वरय्यांनी काढली. त्यांनी सांडव्यावर आपोआप उघडणारी दारे बसवली. पाणी ठरावीक खुणेच्या वर चढले की वजनांच्या तोलावर दारे आपोआप उघडतात आणि पूर ओसरला की आपोआप मिटतात. त्यामुळे तलावाची पातळी सुमारे आठ फुटांनी आणि साठा सुमारे पाव हिश्शाने वाढला. रात्री-अपरात्री पुरात माणूस पाठवायला नको. पांझरेच्या पुरात ज्याने माणसे उभी केली होती त्यालाच हे सुचले, असे म्हणण्याचा मोह होतो. या दारांचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी पगार घेत असताना सरकारच्या कामावर त्याचा मोबदला घेणे त्यांना पटले नाही.

दारांपेक्षाही त्यांची दुसरी योजना मला मोठी वाटते. ती म्हणजे ब्लॉक पद्धत. १९०१ साली हिंदुस्थानभरच्या पाटबंधाऱ्यांची चौकशी करणारे सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांचे कमिशन नेमले गेले. त्याच्यापुढे दुष्काळी दख्खनमधले कालवे तोट्यात का चालतात हा सवाल होता. विश्वेश्वरय्यांनी सांगितलेला उपाय असा. पाणी वाट्टेल तिकडे पातळ पसरू नये. गावोगावी चांगल्या जमिनीचे सलग ब्लॉक पाडावेत आणि त्यांनाच पाण्याची हमी द्यावी. ब्लॉकच्या ठरावीक भागातच, साधारण तिसऱ्या हिश्शात, ऊस घ्यावा आणि बाकीच्यात हंगामी पिके. दर वर्षी ऊस एका भागातून दुसऱ्या भागात फिरवावा, म्हणजे पाणीही पुरेल आणि जमीनही चोपण होणार नाही. बागायतदारांनी आधी ओरड केली, पण नीरा कालव्यावर पद्धत सुरू झाली आणि पुढे दख्खनच्या इतर कालव्यांवर रुळली.

वाचकहो, हे वर्णन वाचताना तुम्हाला काही आठवले का? सलग तुकडे, एका तुकड्यात एक पीक, फिरता ऊस, थोडे पाणी पुष्कळांना. सरकारी शिक्का मारला की ब्लॉक, आणि आमच्या पाटकऱ्याला विचारले तर फड. परदेशच्या, विशेषतः इटलीच्या, पाटबंधाऱ्यांचा त्यांचा अभ्यास होता हे खरे. तरीही पांझरेच्या पाटांवर ज्याने आपले पहिले काम केले त्याच्या नजरेतून फड सुटले असतील, हे मला मान्य होत नाही. हा माझा तर्क आहे, आणि खानदेशी माणसाचा असल्यामुळे त्यात थोडा अभिमान मिसळलेला आहे, तोही वाचकांनी वजा करून घ्यावा.

एक फरक मात्र मोठा होता. फडाचा मालक गाव होते, ब्लॉकचे मालक खाते. फडात पाटकऱ्याचा पगार शेतकरी देत, म्हणून पाटकरी शेतकऱ्याला बांधील असे. ब्लॉकवरचा कारकून साहेबाला बांधील. विश्वेश्वरय्यांचा भरवसा नेहमीच नियम, नकाशा आणि शिस्तीवर राहिला. माणसे एकत्र बसून काय करू शकतात यावर कमी. पुढे दख्खनच्या कालव्यांवर ऊस फिरेनासा झाला, साखर कारखाने आले आणि तिसऱ्या हिश्शाची मर्यादा कागदावर राहिली, याचे एक कारण मला येथे दिसते.

१९०८ साली त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. अनेक ज्येष्ठांना मागे टाकून ते वर आले होते. पण चीफ इंजिनिअरच्या खुर्चीवर हिंदी माणूस बसवण्याची त्या सरकारची तयारी नव्हती, हे त्यांना दिसत होते. भांडण नाही, अर्जविनंत्या नाहीत. खुर्ची सोडली आणि परदेश प्रवासाला निघून गेले. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हाहाकार उडवला आणि निजाम सरकारने त्यांना बोलावून घेतले. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवरचे तलाव त्यांच्या अहवालातून उभे राहिले. १९०९ साली ते म्हैसूरचे चीफ इंजिनिअर आणि १९१२ साली दिवाण झाले. कृष्णराजसागर, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, म्हैसूर विद्यापीठ ही कामे सर्वांना ठाऊक आहेत. १९१३ साली बँक ऑफ म्हैसूर निघाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. पुढे ती स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली आणि २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली. आम्हा बँकवाल्यांना तेवढाच त्यांच्याशी नात्याचा धागा.

दुसऱ्यांदा खुर्ची सोडली ती १९१८ साली. ब्राह्मणेतर आणि मागासलेल्या समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव वाटा द्यावा, असे महाराजांच्या मनात होते. विश्वेश्वरय्यांना ते गुणवत्तेच्या विरुद्ध वाटले आणि त्यांनी दिवाणपद सोडले. त्यांच्या चरित्रातला हा भाग भक्त मंडळी घाईने ओलांडतात. पण ज्या माणसाने पाण्याच्या बाबतीत तोंडाशी बसलेल्याने टोकाच्या माणसाचे पाणी तोडू नये म्हणून ब्लॉक पाडले, त्याला नोकऱ्यांच्या पाटाचे तोंड कोणाकडे आहे हे दिसू नये, याचे मला वाईट वाटते.

१९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. शंभरी ओलांडून १९६२ च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्याआधीच्या जुलैमध्ये, १२ तारखेला, पानशेत फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली. आपले ज्या धरणावर नाव झाले त्या धरणाचा शेवट आणि ज्या शहरात आपण शिकलो त्या शहराच्या पेठा पाण्याखाली गेल्याची बातमी, दोन्ही ऐकायला ते हयात होते.

पांझरेवर त्यानंतर पुष्कळ बदल झाले. वीज आली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि ज्याच्या त्याच्या शेतात ज्याचे त्याचे पाणी झाले. वरच्या अंगाला धरणे झाली, अलीकडे अक्कलपाड्याचेही झाले. बरेचसे जुने बंधारे गाळाने भरले किंवा फुटले. काही गावांत अजून थोडेफार पाट चालतात, फड नावाने तरी ओळखले जातात. शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था काढाव्यात, पाण्याचे वाटप त्यांच्याकडेच सोपवावे, असा कायदा महाराष्ट्राने २००५ साली केला. साक्री तालुक्यात त्याची माहिती द्यायला अधिकारी येतात तेव्हा पाटकरी, जागल्या आणि हवालदार हे शब्द ऐकलेली चार म्हातारी माणसे सभेत मागे बसलेली असतात.